थंडीतला जपान : आधी बर्फ, मग ऊन, आणि एक दिवस राखीव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली की वृत्तपत्रांच्या पुरवण्या परदेशी सहलींच्या जाहिरातींनी भरतात. सध्या त्यांत जपानचा बोलबाला आहे आणि जाहिरातीचा सूर बहुधा एकच असतो : एकाच सहलीत बर्फ, मंदिरे आणि समुद्रकिनारा. यात खोटे काही नाही. या तिन्ही गोष्टी जपानात आहेत आणि हिवाळ्यातही आहेत. मात्र नाताळच्या सुट्टीतल्या आठ दिवसांत तिन्ही कोंबायला गेले की निम्मी सहल विमानतळावर आणि बॅगा ओढण्यात जाते. आम्ही हिवाळी सहलींची आखणी करणारी मंडळी आहोत. ज्यांना स्वतः कार्यक्रम बसवायचा आहे, किंवा कंपनीने हातात दिलेला कागद तपासून घ्यायचा आहे, अशा वाचकांसाठी हे जरा सविस्तर पत्र.

आमचे मुख्य म्हणणे एवढेच की जागांचा क्रम विमानभाडे पाहून नव्हे, हवा पाहून लावावा. बर्फाचा प्रदेश सहलीच्या पूर्वार्धात उरकावा आणि मायदेशी परतण्याच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस टोकियोत मोकळा ठेवावा.

जपानचा आकार लहान वाटतो, पण तो उभा लांबलचक आहे. उत्तरेच्या होक्काइदो बेटावरचे साप्पोरो ४३ अंश अक्षांशावर, तर दक्षिणेचे ओकिनावामधले नाहा २६ अंशांवर आहे. आपले लेह ३४ अंशांवर येते. म्हणजे साप्पोरो लेहच्याही बरेच उत्तरेला आणि नाहा साधारण गुवाहाटीच्या रेषेत. दोहोंमधले अंतर सव्वादोन हजार किलोमीटर. जानेवारीत साप्पोरोचे सरासरी कमाल तापमान शून्याला जेमतेम टेकते आणि किमान उणे सहाच्या आसपास उतरते. टोकियोत तेच दिवसा दहा आणि पहाटे एक-दोन, क्योतोत त्याहून किंचित कमी, आणि नाहात दिवसा वीस, रात्री पंधरा.

हे आकडे कुठेही मिळतात. ते तसे का आहेत हे कळले की आखणी सोपी होते. हिवाळ्यात सैबेरियावर थंड, जड हवा साचते आणि तिथून कोरडा वारा जपानकडे सुटतो. वाटेत जपान समुद्र लागतो, जो त्या वाऱ्याच्या मानाने कोमट असतो. वारा तिथली वाफ उचलतो, डोंगरांवर आदळतो आणि सारे ओझे बर्फाच्या रूपात पश्चिमेच्या बाजूला टाकतो. साप्पोरोत एका हिवाळ्यात एकूण सुमारे पाच मीटर बर्फ पडतो तो यामुळेच. डोंगर ओलांडून तोच वारा टोकियोच्या बाजूला उतरतो तेव्हा कोरडा ठणठणीत झालेला असतो. पावसाळ्यात सह्याद्री जे करतो तेच हे, फक्त पावसाच्या जागी बर्फ : कोकणात धो धो आणि घाट ओलांडून पुढे गेले की माण-खटाव कोरडे. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हे टोकियोत निरभ्र आकाशाचे दिवस. फूजी पर्वत दिसण्याची सर्वांत जास्त खात्री याच काळात असते. टोकियोहून क्योतोला जाताना शिंकान्सेन या बुलेट ट्रेनच्या साध्या डब्यात ‘ई’ अक्षराची खिडकी मागून घ्यावी, फूजी त्याच बाजूला दिसतो.

ओकिनावाची गोष्ट वेगळी आहे. तोच उत्तरेचा वारा उबदार समुद्रावरून लांबचा प्रवास करून तिथे पोहोचतो. त्यामुळे हिवाळ्यात नाहाला ढग, भुरभुर पाऊस आणि अंगाला लागणारा वारा असतो. वीस अंश ऐकून मुंबईकर पोहण्याचे कपडे भरतात, पण तिथल्या बहुतेक किनाऱ्यांचा पोहण्याचा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर असतो. डिसेंबर-जानेवारीत ओकिनावाला जावे ते किल्ले, गावे, मत्स्यालय आणि मोकळ्या रस्त्यांसाठी. जानेवारी ते मार्च या काळात नाहाजवळच्या केरामा बेटांभोवती कुबड्या देवमासे (हंपबॅक व्हेल) येतात आणि जानेवारीच्या उत्तरार्धात तिथला गडद गुलाबी चेरी फुलतो. हे पाहायचे असेल तर नाताळची सुट्टी उपयोगाची नाही.

तारखांचा हा घोळ उत्तरेतही होतो. साप्पोरोचा बर्फाच्या शिल्पांचा महोत्सव १९५०मध्ये सुरू झाला, तो भरतो फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. होक्काइदोतल्याच अबाशिरीच्या किनाऱ्याला ओखोत्स्क समुद्रातून वाहत येणारे बर्फाचे तराफे लागतात ते जानेवारीच्या अखेरीपासून. डिसेंबरच्या सहलीच्या माहितीपत्रकावर या दोहोंची छायाचित्रे असतील तर ती त्या सहलीत दिसणार नाहीत, एवढे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे. कुशिरोच्या दलदलीतले लाल माथ्याचे क्रौंच मात्र हिवाळाभर चाऱ्याच्या जागी जमतात. ज्यांना पक्ष्यांची आवड आहे त्यांनी बर्फाच्या महोत्सवापेक्षा कुशिरो निवडावे, असे आमचे मत आहे.

शाळेमुळे डिसेंबरच गाठायचा असेल तर २९ डिसेंबर ते ३ जानेवारी हे सहा दिवस आधी कॅलेंडरवर अधोरेखित करावेत. युरोपात जशी नाताळात सामसूम होते तशी जपानात नववर्षाला होते. २५ डिसेंबरला सगळे उघडे असते, पण वर्षअखेरीच्या या दिवसांत बहुतेक संग्रहालये, सरकारी जागा आणि कित्येक घरगुती खानावळी बंद राहतात. काही बँकांची यंत्रेही थांबतात, म्हणून रोख येन २८ तारखेपर्यंत काढून ठेवावेत. चोवीस तासांची किराणा दुकाने उघडी असतात, आणि सेव्हन-इलेव्हनमधल्या यंत्रांत परदेशी कार्ड चालते. याच काळात टोकियो-क्योतो मार्गावरच्या ‘नोझोमी’ या सर्वांत जलद शिंकान्सेन गाड्यांत बिनआरक्षित डबा नसतो. २०२३च्या वर्षअखेरीपासून गर्दीच्या हंगामात त्या पूर्ण आरक्षित केल्या आहेत. आरक्षण प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी, जपानी वेळेनुसार सकाळी दहाला उघडते. म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहा.

आता क्रम. चौदा रात्री हाताशी असतील तर टोकियोत दोन, होक्काइदोत चार, क्योतोत तीन, ओकिनावात तीन आणि पुन्हा टोकियोत दोन, असे बसते. पहिल्या दोन रात्री मुद्दाम टोकियोत, कारण दहा अंशांत शरीर थोडे सरावते, साडेतीन तासांचा वेळेचा फरक अंगवळणी पडतो आणि घरून काही राहिले असेल तर विकत घेता येते. एकूण रात्री नऊ-दहाच असतील तर ओकिनावा सोडून द्यावे. सातच असतील तर टोकियो आणि होक्काइदो, बस्स. प्रत्येक हवामानाला किमान तीन रात्री द्याव्यात, कारण जायचा आणि यायचा दिवस प्रवासातच जातो आणि बर्फाच्या प्रदेशात एखादा दिवस वादळाने जाऊ शकतो. दिवसही लहान असतात. डिसेंबरअखेरीस साप्पोरोत सूर्य सातला उगवतो आणि दुपारी चारच्या सुमारास मावळतो. टोकियोत साडेचार. नाहात पावणेसहापर्यंत उजेड असतो. त्यामुळे होक्काइदोत ‘दुपारी तीनला अमुक दरी, साडेचारला तमुक तळे’ असा कार्यक्रम दिसला की दुसरी जागा अंधारात उरकली जाणार हे समजावे.

बर्फ शेवटी का नको? साप्पोरोचे विमानतळ न्यू चितोसे. शहरापासून रेल्वेने जेमतेम चाळीस मिनिटे. जोराचा बर्फ आला की धावपट्ट्या साफ करण्यासाठी उड्डाणे थांबतात, आणि त्याच वेळी ही रेल्वेही थांबली तर विमानतळावर आलेल्यांना शहरातही परतता येत नाही. सुटीच्या हंगामात पुढची विमाने भरलेली असतात, त्यामुळे रद्द झालेल्या विमानाची जागा त्याच दिवशी मिळेलच असे नाही. टोकियोहून मुंबईचे विमान त्याच संध्याकाळी असेल आणि दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर पुढच्या कंपनीच्या लेखी तुम्ही केवळ ‘न आलेले प्रवासी’ असता, तिकीट बुडते. एकाच तिकीट क्रमांकावर दोन्ही प्रवास असतील तर पुढची सोय करणे कंपनीवर येते. स्वस्तात वेगवेगळी तिकिटे घ्यायची असतील तर मध्ये एक रात्र ठेवावी, हा आमचा न मोडण्याचा नियम आहे.

रेल्वेने साप्पोरोला जाऊ असेही काहींना वाटते. शिंकान्सेन २०१६पासून होक्काइदोत पोहोचली आहे खरी, पण ती शिन-हाकोदाते-होकुतो स्थानकापर्यंतच. टोकियोहून तिथवर सुमारे चार तास, पुढे साध्या जलद गाडीने आणखी साडेतीन. विमान दीड तासात नेते. तसेच परदेशी प्रवाशांचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३मध्ये २९,६५० येनवरून ५०,०००वर गेला. टोकियो-क्योतो जाऊन-येऊन साधारण २८,००० येन होतात. केवळ तेवढ्यासाठी पास घेणे आतबट्ट्याचे आहे. जुन्या सल्ल्यावर विसंबून अजूनही लोक तो काढतात.

सामानाच्या बाबतीत फसगत होते ती वजनाच्या नियमांमुळे. मुंबईहून निघताना तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा असू शकतात. पण जपानातल्या दोन मोठ्या विमान कंपन्यांच्या देशांतर्गत साध्या तिकिटावर एकूण २० किलो मिळतात, आणि स्वस्त कंपन्यांत हातातले सगळे मिळून ७ किलो. त्यात जाड कोट, बूट, चार माणसांचे थर्मल. शिंकान्सेनमध्येही लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर डब्याच्या शेवटच्या ओळीची, मागे सामान ठेवायची जागा असलेली खास सीट आधी आरक्षित करावी लागते. न केल्यास १,००० येन भरावे लागतात. मोठ्या बॅगेची बेरीज घरीच टेप लावून करावी.

यावर जपानातच उत्तम तोड आहे, ताक्क्यूबिन. हॉटेलच्या काउंटरवरून किंवा किराणा दुकानातून बॅग पुढच्या हॉटेलवर पाठवता येते. जवळच्या शहरांत ती दुसऱ्या दिवशी पोहोचते. होक्काइदो ते टोकियोला दोन दिवस धरावेत, बर्फात तीन. आम्ही सुचवतो ते असे : होक्काइदो सोडताना बर्फाचे बूट आणि पुढे न लागणारे जाड, लोकरी कपडे एका बॅगेत भरून ती थेट टोकियोच्या शेवटच्या हॉटेलवर पाठवावी. हॉटेलला आधी ईमेलने विचारावे की एवढे दिवस बॅग सांभाळाल का. पावतीवर आरक्षण ज्या नावाने आहे तेच नाव, पासपोर्टवरच्या स्पेलिंगने, आणि मुक्कामाची तारीख लिहावी. नाव जुळले नाही की हॉटेल बॅग परत पाठवते. अशा बॅगेत पॉवर बँक, सुटी बॅटरी, स्प्रे ठेवू नये. त्या विमानाने जात नाहीत, मग बॅग रस्त्याने आणि जहाजाने जाते आणि दिवस वाढतात. क्योतो-ओकिनावाला मग एकेक हलकी पिशवी पुरते.

कपड्यांत सगळ्यांत मोठी चूक म्हणजे एकच भला जाड कोट आणि आत सुती बनियन. साप्पोरोत दुकाने, गाड्या, भुयारी वाटा भरपूर तापवलेल्या असतात. स्थानक ते ओदोरी चौक यांच्यामध्ये २०११मध्ये उघडलेली ५२० मीटरची भुयारी वाट आहे, तिच्यात लोक कोट उघडे टाकून चालतात. त्या उबेत घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवते, आणि बाहेर उणे पाचच्या वाऱ्यात पाऊल टाकले की तेच ओले कापड अंग गारठवते. म्हणून त्वचेला लागून लोकरीचे किंवा घाम सोडणारे कृत्रिम धाग्याचे थर्मल, मध्ये फ्लीस किंवा पिसांचे पातळ जाकीट, आणि वर वारा-पाणी अडवणारा सैलसर कोट असे तीन थर हवेत. मधला थर चटकन काढता आला पाहिजे. क्योतोत पहिला आणि दुसरा थर पुरतो, ओकिनावात फक्त वरचा कोट वाऱ्यापुरता. एकाच संचात तिन्ही हवामाने भागतात ती अशी. जीन्स बर्फात नको. भिजली की वाळत नाही. मफलरऐवजी गळ्यात ओढायची नळीसारखी पट्टी लहान मुलांना बरी, कारण मफलर सुटतो आणि सरकत्या जिन्यात अडकतो. साडी नेसणाऱ्यांनी परकराच्या आत लोकरी पायमोजे-पँट घातली तरी घोळ ओला होतोच, तेव्हा बर्फाच्या चार दिवसांपुरती पँट किंवा सलवार घ्यावी.

बुटांवर मात्र पैसे वाचवू नयेत. नेहमीच्या स्पोर्ट्स शूजचा तळ थंडीत कडक होतो आणि बर्फावर काचेसारखा घसरतो. डिसेंबरचा साप्पोरो या बाबतीत जानेवारीपेक्षा वाईट, कारण दिवसा तापमान शून्याच्या थोडे वर गेले की बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि सकाळी पदपथावर गुळगुळीत पारदर्शक थर तयार असतो. तो दिसत नाही. रस्ता फक्त ओला वाटतो. पादचारी पट्ट्यांचे पांढरे रंगकाम आणि टॅक्सी थांबतात त्या जागा सर्वांत निसरड्या, कारण चाकांनी तिथला बर्फ घासून चकचकीत झालेला असतो. चालताना पाऊल लहान टाकावे, पूर्ण तळवा एकदम टेकवावा, हात खिशातून बाहेर ठेवावेत. बुटाला वरून ताणून बसवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे साप्पोरोच्या स्थानकात आणि औषधाच्या दुकानांतही मिळतात. ते रस्त्यावर घालावेत आणि आत शिरताच काढावेत. दुकानाच्या फरशीवर तेच खिळे घसरतात, आणि बरेच लोक नेमके दारात पडतात. बूट घोट्याच्या वर जाणारे, अर्धा नंबर मोठे घ्यावेत. दोन मोजे घालून बूट घट्ट झाला तर रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. आणि सहलीतले सगळेच बूट शक्यतो चेनचे असावेत. क्योतोच्या मंदिरांत, जुन्या घरांत, काही खानावळींतही पायऱ्यांशी बूट काढावे लागतात. दिवसातून सात-आठ वेळा नाड्या सोडणे-बांधणे वयस्करांच्या कमरेला झेपत नाही. त्या मंदिरांच्या लाकडी जमिनी न तापवलेल्या असतात. थंडी तिथे पायातून चढते, म्हणून क्योतोसाठी वेगळा जाड लोकरी मोजा हातपिशवीत ठेवावा.

काइरो नावाच्या उबेच्या पुड्या तिथे प्रत्येक दुकानात मिळतात. आत लोखंडाचा कीस, मीठ, पाणी आणि कोळशाची पूड असते. वरचे प्लॅस्टिक फाडले की हवा लागून लोखंड गंजू लागते आणि त्यातून उष्णता सुटते. दहा-बारा तास टिकते. चिकटवायची पुडी थर्मलच्या बाहेरून, कमरेच्या मागे लावावी. कातडीला थेट कधीही नाही आणि झोपताना नाही. फार गरम न वाटताही तासन्‌तास लागून राहिल्याने भाजते, आणि मधुमेहात पायाची संवेदना कमी असेल तर ते कळतही नाही. बुटात घालायची पुडी वेगळी येते, कारण बुटात हवा कमी असते. साधी पुडी तिथे तापत नाही.

औषधांबाबत जपानचे नियम आपल्या सवयीपेक्षा कडक आहेत. स्युडोएफेड्रिन १० टक्क्यांहून अधिक असलेले सर्दीचे औषध केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नेता येत नाही. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही मर्यादा आहेत. घरच्या औषधांच्या डब्यातल्या प्रत्येक पट्टीमागचे घटक वाचावेत. नेहमीची चिठ्ठीवरची औषधे एका महिन्यापुरती नेता येतात. त्याहून जास्त लागणार असतील तर ‘युन्यू काकुनिन-शो’ हा परवाना निघण्यापूर्वी ऑनलाइन मिळवावा लागतो. गोळ्या मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसह ठेवाव्यात. इन्सुलिन चेक-इन बॅगेत ठेवू नये आणि बर्फात फिरताना बाहेरच्या खिशातही नको. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामी होते. ते आतल्या थराच्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावे. गरम पाण्याच्या कुंडांचा मोह सगळ्यांनाच होतो, तो होऊ द्यावा. पण कपडे काढायची खोली गार आणि पाणी ४०-४२ अंश, यात रक्तदाब झटकन वरखाली होतो. आधी पायांवर, मग मांड्यांवर पाणी ओतून घ्यावे, दहा मिनिटांत बाहेर यावे, उठताना कठडा धरावा. जेवणानंतर लगेच किंवा मद्य घेऊन उतरू नये.

विजेचा दाब तिथे १०० व्होल्ट आहे, खाचा दोन चपट्या पिनांच्या. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, कारण त्यांच्यावर १००-२४० लिहिलेले असते. पण आपली २३० व्होल्टची प्रवासी किटली किंवा शेकायची पिशवी नेली तर दाब निम्म्याहून कमी आणि उष्णता जेमतेम पाचवा हिस्सा मिळते. पाणी कोमटच राहते. पॉवर बँक हातातल्या सामानातच हवी. २०,००० मिलिअँपिअर-तासाची म्हणजे ७४ वॉट-तास, ती १००च्या मर्यादेत बसते. थंडीत मोबाइलची बॅटरी चाळीस टक्क्यांवरूनही एकदम बंद पडते, म्हणून फोन आतल्या खिशात आणि हॉटेलचा पत्ता जपानीत कागदावर. कॅमेरा बाहेरून उबेत आणताना आधी झिपच्या पिशवीत बंद करावा आणि तासाभराने उघडावा, नाहीतर दमट हवा आतल्या भिंगांवर दव धरते. खोबरेल तेल बाटलीतून निघणारच नाही, थिजते. रुंद तोंडाच्या डबीत न्यावे. हवा फार कोरडी असल्याने ओठांना आणि नाकपुड्यांच्या कडेला ते रात्री लावण्यासारखे दुसरे काही नाही.

शाकाहाऱ्यांनी ‘भाजीचे सूप’ किंवा ‘साधे नूडल्स’ या शब्दांवर विसंबू नये. बहुतेक रसांच्या मुळाशी दाशी नावाचे उकळून काढलेले सार असते आणि ते सहसा सुकवलेल्या बोनिटो माशाचे. बौद्ध मठांच्या परंपरेतले शोजिन जेवण माशांशिवाय असते आणि क्योतोत ते मिळते. आधी सांगून ठेवावे लागते. घरून ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता आणि कोणताही मांसाचा पदार्थ नेऊ नये, विमानतळावर काढून घेतात. खाकरा, चिवडा, पॅकबंद तयार जेवण बरे, आणि विचारले की दाखवावे. होक्काइदोच्या बाहेरगावी रात्री आठनंतर खायला मिळणे कठीण, तेव्हा ते तिथल्या दिवसांसाठी राखावे.

गाडी चालवणे आपल्यासारखेच डावीकडून असते आणि भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना जपानात चालतो. ओकिनावात अवश्य चालवावी; नाहाच्या बाहेर मोनोरेल फारशी जात नाही. होक्काइदोत हिवाळ्यात मात्र चालवू नये. बर्फाचे टायर लावून मिळतात, पण गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक कसा दाबायचा हे हाताला आणि पायाला माहीत असावे लागते, आणि वाऱ्याने उडालेल्या बर्फात दहा मीटरवरचे दिसत नाही. तिथे रेल्वे आणि बस.

व्हिसा पर्यटकांना सहसा एका प्रवेशाचा मिळतो. मध्येच कोरिया किंवा तैवान करून पुन्हा टोकियोला येऊ, असा बेत असेल तर तो व्हिसा पहिल्या बाहेर पडण्यातच संपतो. विम्याच्या कागदात बर्फावरचे खेळ वगळलेले असतात का, हे स्की करणार असाल तर कलम वाचून पाहावे. आणि विमान रद्द झाल्यास हॉटेलचा खर्च मिळतो की नाही, हे स्की न करणाऱ्यांनीही पाहावे.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. प्रवासाच्या पानावर जेव्हा अशा बहुहवामानी सहलीचा कार्यक्रम छापाल, तेव्हा प्रत्येक गावापुढे त्या महिन्याचे सरासरी कमाल-किमान तापमान, सूर्यास्ताची वेळ आणि त्या तारखांना काय बंद असते, एवढ्या तीन गोष्टी द्याव्यात. दोन ओळींची जागा लागेल. साप्पोरोपुढे ‘सूर्यास्त ४.०५’ वाचले की आजी-आजोबांना आणि लहान मुलांना घेऊन निघणारे कुटुंब दुपारच्या कार्यक्रमाबद्दल कंपनीला स्वतःच प्रश्न विचारील.

कळावे,
आपले नम्र,
सहलींची आखणी करणारे काही वाचक, पुणे